जमत नाई म्हणणारी रुखमा

सिंदीत रूपरावचं लंब्या रोट्यांचं दुकान का बसलं, याची चौकशी केली तर जितकी तोंडं तितकी कारणं ऐकायला मिळतील. कोणी म्हणेल लाकूड महागलं. कोणी म्हणेल आजकाल पोट्ट्यांना नूडल्स लागतात, रोट्या खातो कोण. खुद्द रूपराव म्हणतो, नजर लागली. त्यानं दाराला लिंबू-मिरची बांधली, मग बिब्बा बांधला, मग कुठल्याशा बाबाकडून ताईत आणला. दुकान बंद झालं तरी ते सगळं दाराला लोंबतंच आहे. खरं कारण त्याच्याच घरात चुलीपुढे बसलेलं असतं. त्याची बायको देवकाबाई, तिला ते पक्कं ठाऊक आहे. पण ती बोलेल तर ना. ती बोलत नाही, हेच तर कारण आहे.

लंबी रोटी म्हणजे तुमची-आमची पोळी नव्हे. चुलीवर मातीचं मडकं पालथं घालायचं आणि खालून लाकडाचा जाळ करायचा. गव्हाचं पीठ दोन बाजूंनी धरलेल्या कापडातून गाळून इतकं सैल भिजवायचं की हातातून ओघळावं. मग ते परातीत आपटायचं, दंड भरून येईपर्यंत आपटायचं, आणि झाकून निवांत पडू द्यायचं. पीठ मुरलं की गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि अलगद मडक्यावर टाकायचा. उपरण्यासारखी पातळ रोटी होते, रुमालासारखी घडी पडते, आणि मटणाच्या तिखट रश्श्यात बुडवली की माणूस बोलणं विसरतो. हे एकटीचं काम नाही. एकीनं आपटायचं, दुसरीनं लांबवायचं. आपटणारी होती रुखमा आणि लांबवणारी देवकाबाई.

दोघी नात्याच्या नव्हत्या. रुखमा गल्लीतली, नवरा कधीचाच गेलेला. अंगानं काटक आणि तोंडानं फाटकी. देवकाबाईच्या अंगणात चूल, रुखमाची जुनी काळीठिक्कर मडकी, आणि रुखमाच्याच कमरेला खोचलेला बटनाचा फोन, एवढ्यावर धंदा सुरू झाला आणि चालला. लग्नाची हळद असो, बारसं असो, बोकड पडला की रोट्या या अंगणातून जायच्या.

फोन वाजला की रुखमा पिठाच्या हातानंच उचलायची, आणि निम्म्या वेळा तिचं एकच उत्तर असायचं.

"हात भरले, भाऊ. जमत नाई."

"अवो मावशी, उलशाच तं पायजे, चार-पाच."

"उलशा असू दे का गंज असू दे. परवा ये."

देवकाबाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दारी आलेल्याला नाही म्हणायचं म्हणजे तिच्या माहेरी पाप होतं. एकदा तर रुखमानं स्वतःच्या सख्ख्या दिराला परत पाठवलं. देवकाबाई म्हणाली, "अवो, घरचा माणूस होता तो. असं काऊन करतं?"

"घरचा हाये म्हणून तं अजून सांभाळून," रुखमा म्हणाली. "खराब रोटी देल्ली तं तो गावभर सांगते. नाई म्हटलं तं उलसा चिडते, अन् पुढच्या खेपीले आधी येऊन सांगते. तूच पाह्य."

आणि तसंच व्हायचं. शिव्या देत गेलेला माणूस पुढच्या वेळी आठवडा आधी दारात उभा. देवकाबाईनं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. धंदा कशानं चालतो हे तिला कोण्या शिबिरात जाऊन शिकायची गरज नव्हती. ते तिच्या अंगणात रोज घडत होतं.

मग रूपराव घरी बसला. तो कापसाच्या बाजारात मापारी होता, पोती मोजून मोजून केस पांढरे केलेले. व्यापाऱ्यानं इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि रूपरावला रामराम केला. माणूस वाईट नाही हं रूपराव. दारू नाही, जुगार नाही, बायकोवर हात नाही. पण सगळं आयुष्य चौकात गेलेलं. कोणी हाक मारली की थांबणारा, कोणी काम सांगितलं की "होऊन जाईन" म्हणणारा. पानठेल्यावर कोणीतरी त्याला चिडवलं, "काय रूपराव, वहिनीच्या धंद्यावर ऐश करून राह्यला," आणि ते त्याच्या काळजाला लागलं.

आठ दिवसांत अंगणाबाहेर फ्लेक्स लागला. 'रूपराव लंबी रोटी सेंटर.' गॉगल घातलेला रूपराव हात जोडून उभा. बाजूला मडक्यांचं चित्र, तेही पाणी प्यायच्या नक्षीदार मडक्यांचं. खाली मोबाईल नंबर रूपरावचा. दोघी बायांचं नाव त्यावर भिंग लावूनही सापडलं नसतं. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या अशा.

फ्लेक्सला हार घालायला चार माणसं जमली होती. रूपरावनं सगळ्यांदेखत बायकोला विचारलं, "काऊन वो, चालते ना? परक्या माणसायचे फोन बाईमाणसाच्या कमरेले कायले वाजाले पायजे? मी पाह्यतो आता सगळं."

देवकाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हसली. नवऱ्याचा शब्द चारचौघांत खाली पाडायचा नसतो. तिच्या आईनं पाडला नाही, सासूनं पाडला नाही. तिच्या घराण्यात बाईच्या शहाणपणाची हीच खूण.

रुखमा परातीवरून तिच्याकडे बघत होती. माणसं गेल्यावर म्हणाली, "बोर्ड लावू दे, फोटो लावू दे. पण फोन आपल्याजवळ पायजे. सांगजो त्याले."

"सांगतो ना," देवकाबाई म्हणाली. "आज पाह्यलं ना तू, लोक होते."

"मंग उद्या सांग."

तो उद्या काही उगवला नाही.

खोटं कशाला बोलावं, पहिले महिने बरे गेले. रूपराव मोटरसायकलवर गव्हाचं पोतं आणायचा, डबे पोचवून द्यायचा, गोड बोलायचा. गल्लीतल्या बाया देवकाबाईला "शेठाणी" म्हणू लागल्या आणि तिला ते आवडलंही. का आवडू नये? जन्मात पहिल्यांदा कोणी तिच्या दारात थांबून बोलत होतं. पण रूपरावच्या तोंडात "नाई" हा शब्दच देवानं घातला नव्हता. संध्याकाळच्या रोट्यांसाठी दुपारी फोन आला तरी "होऊन जाईन". हळदीच्या दोन ऑर्डरी एकाच दिवशी आल्या तरी "होऊन जाईन". तो फोन ठेवायचा आणि अंगणात येऊन आनंदानं सांगायचा, जणू बायांना बक्षीस आणलं आहे.

पीठ मुरायला ठेवायची वेळ कमी होत गेली. न मुरलेलं पीठ लांबवलं की मधेच भोक पडतं. देवकाबाईचे हात ती भोकं झाकायला शिकले. रुखमा ते बघायची आणि तोंडाचा पट्टा सुटायचा.

"रोटी हाये का ठिगळ? तुह्यानं सांगणं होत नसन तं मी सांगतो भाऊजीले."

"नोको वो. मी सांगतो. तू बोलशीन तं त्याईले वाईट वाटन."

रुखमानं एकदा सांगितलंच होतं तसं, पण पालथ्या घागरीवर पाणी. रूपराव हसून म्हणाला होता, "रुखमावहिनी, तुमाले धंदा नाई समजत. गिऱ्हाईक म्हणजे देव." देवाला कच्ची रोटी वाढायची असते का, हे रुखमानं विचारेपर्यंत तो मोटरसायकलवर बसून गेलासुद्धा. देवकाबाई जेवायला वाढताना रोज मनाशी वाक्य जुळवायची. आज सांगीन, भाजी वाढून झाली की सांगीन. तो घास घेऊन म्हणायचा, "आज बी गंज फोन आले वो," आणि त्याचं तोंड इतकं उजळलेलं असायचं की हिचं वाक्य गिळलं जायचं. दया यायची तिला. आणि दयेनं धंदा बुडतो, हे कळत असूनही यायची.

मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर असते. त्या दिवशी घरोघरी मटण शिजतं. सिंदीत तर तान्हा पोळा, लेकरं लाकडाचे नंदी घेऊन निघतात, लेकी-जावई, पाव्हणेरावळे, गाव नुसतं फुगतं. वर्षात रोट्यांना मागणी असलेला सगळ्यात मोठा दिवस. रुखमाच्या राज्यात करीच्या ऑर्डरी महिनाभर आधी बंद व्हायच्या. रूपराव पोळ्याच्या सकाळपर्यंत "होऊन जाईन" म्हणत होता. वर प्रफुलभाऊ, वॉर्डातले पुढारी, त्यांच्या सगळ्या कार्यकर्त्यांच्या रोट्याही त्यानं अंगावर घेतल्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

त्यावर त्याचा उपाय काय, तर नवी मडकी. पोळ्याच्या दिवशी कुंभाराकडून कोरी करकरीत मडकी आणली आणि शेजारची जिजाबाई मदतीला बोलावली. जिजाबाईनं जन्मात रोटी लांबवली नव्हती. आणि कोरं मडकं? त्याला मंद आचेवर, रोज थोडं थोडं, कित्येक दिवस तापवून तयार करावं लागतं. एकदम जाळावर घातलं की ते सूड घेतं.

करीच्या सकाळी रुखमा अंगणात आली, नवी मडकी बघितली, आणि तिनं रूपरावला सरळ विचारलं, "भाऊजी, कोणाकोणाले शब्द देल्ला?"

रूपराव हसला. "होऊन जाईन ना वहिनी. आज कर हाये. आजच्या दिवशी कोणाले नाई म्हणाव?"

प्रफुलभाऊंची दोन माणसं खुर्च्यांवर बसून चहा पीत होती. रुखमानं रूपरावचा नाद सोडला आणि देवकाबाईकडे वळली.

"देवका, आता सांग. अर्ध्या लोकायले आता फोन लावला तं ते घरी पोळ्या लाटून घेतीन. शिव्या देतीन, पण उपाशी नाई राहतीन. दुपारी सांगतलं तं मारतीन. तू सांग. तुह्या अंगणात चूल हाये, तुह्या हातानं रोटी होते. एक डाव सांग."

सगळे देवकाबाईकडे बघू लागले. रूपरावही. त्याच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं, पण डोळ्यांत भीती आली होती, पाव्हण्यांसमोर उघडं पडण्याची. देवकाबाईला ती दिसली. रुखमाचं म्हणणं अक्षरन् अक्षर खरं आहे हेही तिला दिसत होतं. तिनं पदर सारखा केला.

"करून पाहू ना वो रुखमा," ती म्हणाली. "होऊन जाईन."

रुखमा पदर खोचून परातीपुढे बसली.

पुढचं सांगायलाही जीवावर येतं. पहिलं कोरं मडकं जाळ लागताच तडकलं, रोटीसकट चुलीत. दुसऱ्याला रोटी अशी चिकटली की उलथन्यानं खरवडावी लागली. जिजाबाईच्या हातात गोळा लांबायच्या आधीच तुटायचा आणि ती बिचारी रडकुंडीला आलेली. रुखमा आपटत होती, आपटत होती, तिचे दंड थरथरत होते, पण पिठाला मुरायला वेळ द्यायला वेळच नव्हता. दुपारी अंगणाबाहेर डबे घेऊन माणसं उभी राहिली. घरी मटण शिजून तयार, पाव्हणे पाटावर, आणि रोटी नाही. काहींना जाड, ओलसर, कच्चे तुकडे मिळाले. ते त्यांनी तिथेच फ्लेक्सखाली टाकले आणि कुत्र्यांनीही हुंगून सोडले. प्रफुलभाऊंच्या कार्यकर्त्यांनी रस्सा ब्रेडसोबत खाल्ला. करीच्या दिवशी ब्रेड. गाव ते आजही विसरलं नाही.

गर्दी ओरडायला लागली तसा रूपराव घाबरला. आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच त्यानं केलं. मोठ्यानं म्हणाला, "मी काय करू, भाऊ? बायाईचे हातच नाई चालून राह्यले. सकाळपासून सांगून राह्यलो."

सगळं अंगण रुखमाकडे बघू लागलं. रुखमा देवकाबाईकडे बघू लागली. सकाळी एक शब्द मागितला होता, आता अर्धा पुरला असता. देवकाबाई खाली मान घालून मडक्यावरची रोटी काढत राहिली. ती जळाली होती तरी काढत राहिली.

रुखमानं जळण ओढून बाजूला केलं. आपली जुनी मडकी निवेपर्यंत तिथेच बसून राहिली, शिव्या ऐकत. मग ती डोक्यावर घेतली आणि गेली.

त्यानंतर दुकान बंद व्हायला फार दिवस लागले नाहीत. फोन वाजेना. रूपरावनं फ्लेक्स बदलला, त्यावर बिर्याणी लिहिली, मग पनीर लिहिलं, मग मोमो लिहिलं. जे येत नाही ते सगळं लिहिलं. नाचता येईना अंगण वाकडं, तसा कधी कुंभाराला दोष दिला, कधी रुखमाला, आणि शेवटी नजरेला. देवकाबाईला कधीच दिला नाही. तिनं कुठे काय केलं होतं?

आणि रुखमा रेल्वे फाटकाजवळ टिनाच्या शेडमध्ये बसली. फ्लेक्स नाही, फोटो नाही. तीच मडकी, तोच बटनाचा फोन, आणि हाताखाली जिजाबाई. होय, तीच. रुखमानं तिला पावसाळा संपेपर्यंत नुसतं पीठ आपटायला लावलं, मग गोळा हाती दिला. फाटकाजवळून जाणारे सांगायचे, "काय खडूस बाई हाये, अर्ध्या लोकायले वापस पाठवते." आणि सांगणाऱ्याच्या हातात डबा असायचा.

होळी जवळ आली. होळीची करही मटणाचीच. एक दिवस रूपराव जेवताना म्हणाला, "रुखमावहिनीकडे जाऊन ये एखांदी डाव. तुमी दोघी एकत्र आल्या का पुन्हा सुरू करू."

देवकाबाई गेली. तिलाही जायचंच होतं. महिने झाले, हाताला रोटीचं पीठ लागलं नव्हतं आणि रिकाम्या हातांची तिला लाज वाटत होती. रात्री स्वप्नात ती रोटी लांबवायची आणि ती संपायचीच नाही.

शेडमध्ये रुखमानं तिला लाकडाच्या ओंडक्यावर बसवलं, चहा दिला. बोलताना फोन वाजला. "हात भरले, भाऊ. जमत नाई," रुखमा म्हणाली आणि ठेवला. देवकाबाईला वाटलं, केवढं सोपं होतं ते.

"मले कामाले घे," ती म्हणाली. "मालकीण म्हणून नाई. कामाले."

रुखमानं चुलीत जाळ सारला. "तुह्यासारखा हात कोणाचा नाई. जिजाबाई चांगली हाये, पण तुह्यासारखा नाई." शेडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं एक मडकं पालथं ठेवलं होतं, तापवून तापवून काळं केलेलं. "हे तुह्यासाठीच तयार करून राह्यलो. खोटं नाई सांगत."

देवकाबाईचे डोळे भरून आले.

"पण एक विचारतो," रुखमा म्हणाली. "भाऊजीनं होळीची ऑर्डर घेतली काय?"

देवकाबाई गप्प. घेतली होती. प्रफुलभाऊंचीच. दोघी एकत्र येणार म्हणून रूपराव चौकात सांगून मोकळाही झाला होता.

"माह्याशी गप्प राह्यली तं चालते," रुखमा म्हणाली. "घरी जा. त्याले सांग का ऑर्डर होत नाई, दुकान बंद झालं, अन् मी उद्यापासून फाटकावर जातो. चारचौघात सांग, कोपऱ्यात नाई. कोपऱ्यात सांगतलेलं तो चौकात पुसून टाकते. सांगून झालं का सकाळी ये. नाई सांगतलं तं येऊ नोको. मले रोटीची भीती नाई, देवका. मले तुह्या गप्प बसण्याची भीती हाये."

रस्ताभर देवकाबाई ती वाक्यं घोळवत आली. ऑर्डर होत नाई. मी फाटकावर जातो. दोन तर वाक्यं. शेजारच्या लेकराला सांगितली तरी पाठ होतील. तिला खरंच वाटत होतं की आज होईल. पाय हलके पडत होते.

घरी ओसरीवर प्रफुलभाऊ स्वतः बसले होते, सोबत दोन माणसं. रूपरावनं त्यांना चांगली खुर्ची दिली होती, स्वतः पाटावर बसला होता. बायकोला बघताच तो अर्धा उठला. तोंड उजळलेलं, तसंच, पहिल्यासारखं.

"ये, ये. भाऊ तुहीच वाट पाहून राह्यले. काय म्हणे रुखमावहिनी? येते ना?"

चारचौघं होती. रुखमानं मागितली तशीच. देवकाबाईनं तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं, अगदी टोकावर. रूपराव तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या हसण्यामागे ती जुनी भीती पुन्हा वर येत होती.

आता या बाईला काय म्हणावं? मूर्ख म्हणावं तर ती मूर्ख नाही. तिच्याइतकं या धंद्यातलं पुऱ्या सिंदीत कोणाला कळत नाही. राग येतो तो याचाच.

तिनं पदर सारखा केला.

"होऊन जाईन," ती म्हणाली आणि आत गेली.

बाहेर रूपराव मोठ्यानं हसला, प्रफुलभाऊंनी मांडीवर थाप मारली, आणखी चहा मागितला गेला. देवकाबाईनं आधण ठेवलं. मग फडताळातून पीठ गाळायचं कापड काढलं, झटकलं, आणि दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं म्हणून ते खिळ्याला बांधलं.